वयात आलेल्या मुलांचं धाडस आणि मन: कोल्हापूरच्या पालकांसाठी पायरीपायरीनं

"पोरगं पहिल्यासारखं राहिलं न्हाई." आठवी-नववीनंतर कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येतं. त्यामागं कधी आपटलेलं दार असतं, कधी पन्हाळा रोडवर ट्रिपल सीट दिसल्याची बातमी, कधी दप्तरात सापडलेली माव्याची पुडी. कधी यातलं काहीच नसतं, पोरगं नुसतं गप्प झालेलं असतं. शाळा-कॉलेजच्या मुलांशी बोलण्याचं काम करताना मला दिसतं, की पहिल्या तीन गोष्टींनी घर हादरतं आणि चौथीकडं "चला, शांत झाला" म्हणून दुर्लक्ष होतं. काळजी खरं तर त्या चौथीची जास्त करायला हवी.

हा लेख १३ ते १८ वयाच्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी आहे. आज्जी, काका, आत्या यांनीही वाचावा, कारण आपल्याकडं पोर एकट्या आईबापाच्या हातात वाढत नाही. धोका पत्करायची या वयाची ओढ ओरडून किंवा मारून जात नाही. ती कुठं, कुणासोबत आणि किती तयारीनं बाहेर पडेल, हे मात्र घराला बऱ्यापैकी ठरवता येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आत काय चाललंय ते आधी समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय मानते. वयात येताना मेंदूतला उत्साहाचा, मजेचा, कौतुकाच्या ओढीचा भाग जोरात जागा होतो. परिणामांचा विचार करणं आणि स्वतःला आवरणं हे काम कपाळामागच्या भागाचं, आणि तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. मधली काही वर्षं ओढ मोठी आणि आवर कच्चा, अशीच जातात.

म्हणून या मुलांना काही कळत नाही असं समजू नका. १६ वर्षांच्या मुलाला घरात शांतपणे विचारा, "हेल्मेट न घालता वेगात गाडी मारली तर काय होईल?" तो तुमच्याइतकंच बरोबर उत्तर देईल. पण तोच मुलगा चार मित्रांत असताना, कुणीतरी "भावा, हो की पुढं!" म्हटल्यावर ते उत्तर त्याच्या मदतीला येत नाही. अमेरिकेतल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला होता, काहींना एकट्यानं आणि काहींना मित्रांसमोर. मित्र बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. २४ वर्षांपुढच्यांत मित्रांमुळं तसा फरक पडला नाही.

घरासाठी याचा अर्थ सरळ आहे. धोक्याची माहिती पुन्हा पुन्हा सांगून फारसं हाती लागत नाही, कारण ती मुलाकडं आहेच. मोहाचा क्षण येण्याआधी, डोकं थंड असताना केलेली व्यवस्था उपयोगी पडते.

पायरी २: दोन आठवडे नुसतं बघा, बोलू नका

चिडचिड, आरशासमोर तासभर, खोलीचं दार बंद, आईवडिलांसोबत लग्नाला यायला नकार, मित्रांचं सगळं खरं: हे वयाचं लक्षण आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मुलगा घरात तोंड पाडून बसतो, पण मित्र आले की हसतो, खेळायला जातो, पोटभर जेवतो, तर त्याला थोडी मोकळीक द्या.

काळजीचं चित्र वेगळं असतं. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी एकेक करून सुटतात. रोज संध्याकाळी मैदानावर जाणारा फुटबॉलचे बूट हातात घेत नाही. मित्रांचे फोन उचलत नाही. झोप आणि भूक बिघडते, मार्क एकदम घसरतात, सकाळी शाळेच्या वेळेलाच पोटात किंवा डोक्यात दुखतं आणि तपासणीत काही निघत नाही. मोठ्या माणसाचं नैराश्य उदासीत दिसतं, मुलांचं पुष्कळदा चिडण्यात दिसतं. "फार तापट झालाय" अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलाच्या आत दुःख असू शकतं. असं दोन आठवडे जवळजवळ रोज दिसलं, तर "वयच असं आहे" म्हणून सोडू नका. अंगावर स्वतः करून घेतलेल्या जखमा दिसल्या किंवा जगण्याला कंटाळल्याचं बोलणं कानावर आलं, तर दोन आठवडे थांबायचंच नाही. थेट पायरी ८ वाचा.

मुलगी सतत थकलेली, अभ्यासात मन नसलेली दिसत असेल, तर मनाबरोबर रक्ताचीही तपासणी करा. हिमोग्लोबिन कमी असणं किंवा थायरॉईडचा त्रास आळसासारखा दिसतो. या वयातल्या कितीतरी मुली रक्तक्षयामुळं बोलणी खातात. जेवण टाळणं, वजनाचा सतत घोर, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाणं, हेही डॉक्टरांना सांगा.

जे दिसतं ते वहीत तारखेसह दोन ओळींत लिहा. पुढं डॉक्टरांकडं जायची वेळ आली तर ही वही फार कामाला येते.

पायरी ३: बोलण्याची जागा बदला

सोफ्यावर समोर बसवून, टीव्ही बंद करून "आज आपण बोलूया" म्हटलं की पोर आधीच मिटतं. या वयात डोळ्याला डोळा लावून बोलणं जड जातं. शेजारी शेजारी असताना शब्द सुटतात: गाडीवर मागं बसवून नेताना, रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेल्यावर, रंकाळ्यावर चालताना, भाजी निवडताना. बोलणं छोटं ठेवा. पाहुण्यांसमोर आणि धाकट्या भावंडासमोर या विषयावर एक शब्दही काढू नका.

समजा, मुलगा क्लास बुडवून कुठंतरी गेल्याचं कळलं. नेहमीचा संवाद असा होतो:

"कुठं गेलतास?"
"कुठं न्हाई."
"खोटं बोलतोस परत? थांब, येऊ देत पप्पांना."

इथं मुलगा फक्त एक शिकतो, पुढच्या वेळी जास्त सफाईनं खोटं बोलायचं. त्याऐवजी:

"क्लासमधनं फोन आलता. तू नव्हतास म्हणं. मला काळजी वाटली."
"..."
"आत्ता सांगायचं नसलं तर राहू दे. जेवण झाल्यावर येते मी. ओरडणार न्हाई, पण ऐकायचं हाय मला."

कळलेली गोष्ट लपवून परीक्षा घेऊ नका. पहिल्यांदा ऐकताना मधेच सल्ला देऊ नका. "बरं, मग काय झालं?" एवढंच विचारा. "आमच्या वेळेला" हे दोन शब्द त्या संध्याकाळपुरते बाजूला ठेवा. ऐकून झाल्यावर नियम मोडल्याची शिक्षा जरूर द्या, पण ती आधी ठरलेली, छोटी आणि मुदतीची असू द्या: आठवडाभर मित्रांसोबत फिरणं नाही असं चालेल, महिनाभर नाही असं नको. मारू नका. मार खाल्लेलं पोर पुढच्या अडचणीत तुमच्याकडं येत नाही, आणि ते येणं या सगळ्या लेखातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

पायरी ४: गाडी

या विषयावर मी कडक आहे, कारण इथं चूक दुरुस्त करायची दुसरी संधी कधी कधी मिळत नाही.

कायदा आधी. १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलाला मोटारसायकल चालवता येत नाही. १६ ते १८ वयात पालकांच्या संमतीनं परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचा, आणि घराघरांत असलेल्या बहुतेक पेट्रोल स्कूटर त्याच्या वरच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. "क्लास लांब आहे, काय करणार" ही अडचण मला कळते. सायकल, केएमटीची बस, शेजारच्या दोन घरांनी मिळून आणणं-सोडणं असं काहीतरी जुळवा. दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून गाडी हा विचार मात्र मनातून काढून टाका.

१८ नंतरही किल्ली एकदम हातात देऊ नका, टप्प्यानं द्या. पहिले तीन महिने फक्त दिवसा, शहरात, एकट्यानं. मागं मित्र नाही, कारण पहिल्या पायरीत पाहिलं तेच: मित्र मागं बसला की डोकं बदलतं. मग मागं एकजण. मग जोतिबा, पन्हाळ्याचा घाट, तोही आधी मोठ्या माणसासोबत. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, आणि वडिलांच्याही डोक्यावर. बाप रिकाम्या डोक्यानं बिंदू चौकातनं जात असेल, तर पोराला सांगायला काही उरत नाही.

आता एक करार करा, आणि तो खरंच पाळा. मुलगा किंवा मुलगी कुठंही अडकली असेल, गाडी चालवणारा मित्र प्यायलेला असेल, पार्टीत नको ते सुरू झालं असेल, तर तिनं घरी एक ठरलेला निरुपद्रवी मेसेज करायचा, उदाहरणार्थ "उद्या दूध किती घ्यायचं?" तो आला की तुम्ही लगेच फोन करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "असशील तिथनं घरी ये, मी न्यायला येतोय." मित्रांसमोर तिची मान खाली जात नाही, दोष तुमच्यावर येतो. त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी. पहिल्याच वेळी गाडीत बसल्या बसल्या ओरडलात, तर तो मेसेज पुन्हा कधी येणार नाही.

पायरी ५: धाडसाला जागा द्या, मुलींनाही

कोल्हापूरकडं या बाबतीत जे आहे ते फार थोड्या शहरांकडं आहे. पेठेपेठेत तालीम आहे, शाहू स्टेडियमवर भरगच्च फुटबॉल आहे, शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेलं खासबागचं कुस्तीचं मैदान आहे, पोहायला जलतरण तलाव आहेत, पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालत जायची वाट आहे. या सगळ्यात भीती, वेग, ईर्षा, चारचौघांतलं कौतुक, म्हणजे या वयाला हवं ते सगळं मिळतं. शिवाय नियम असतात आणि जाणतं माणूस लक्ष ठेवून असतं. आखाड्यात वस्ताद "आता बास" म्हणाला की पोर थांबतं. तेच घरी थांबत नाही, यात अपमान मानू नका. घराबाहेरचा असा एक भरवशाचा मोठा माणूस मुलाच्या आयुष्यात असणं हे मोठं संरक्षण आहे.

म्हणून दहावीचं वर्ष आलं म्हणून खेळ बंद करू नका. वेळ कमी करा, पूर्ण तोडू नका. ज्या गोष्टीमुळं मुलगा टिकून आहे तीच आपण अभ्यासासाठी काढून घेतो आणि मग अभ्यासही होत नाही.

संघावरचं प्रेम मात्र मैदानात राहू द्या. मॅच झाल्यावर गटानं रस्त्यावर उतरणं, सोशल मीडियावरची खुन्नस, यातून पोरांवर गुन्हे नोंदवले जातात आणि नोकरीच्या वेळी ते आडवे येतात. हे मुलाला सीझन सुरू व्हायच्या आधी सांगा. पाण्याचंही तसंच. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की नदीत उतरायचं नाही आणि पुलावरच्या पैजा नाहीत, हा नियम जूनमध्येच ठरवून टाका. पोहता येणारी मुलंच अशा पाण्यात उडी टाकतात.

मुलींबद्दल मला तळमळीनं सांगायचंय. त्यांच्यातही हीच ओढ असते, पण तिला आपण जागाच देत नाही. सातच्या आत घरात, खेळ बंद, मैत्रिणीकडं जायलाही भाऊ सोबत. मग सगळं धाडस हातातल्या फोनमध्ये उतरतं, जिथं तुम्ही नसता आणि वस्तादही नसतो. नेमबाजीत २०१० साली जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी राही सरनोबत, दोघी याच शहरातल्या. प्रत्येक मुलगी पदक आणणार नाही आणि आणायचं कारणही नाही. पण पोहणं, कराटे, ट्रेकिंग, सायकल, नाटक, काहीतरी असं तिच्या वाट्याला यायलाच हवं, ज्यात ती आधी घाबरेल आणि मग जमेल.

पायरी ६: मावा, दारू आणि फोन

मावा आपल्याकडं इतका रोजचा झालाय की तो नशेत मोजलाच जात नाही. त्यात तंबाखू, चुना आणि कच्ची सुपारी असते. सुपारीमुळं तोंडाच्या आतलं आवरण हळूहळू आवळतं आणि तोंड उघडेनासं होतं. पुढं त्यातून कर्करोगाचा धोका असतो. घरी करता येणारी तपासणी: मुलाला स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तिखट आमटीनं तोंड पोळत असेल, तर दंतवैद्याकडं न्या. पुडी सापडली तर ती त्याच्या तोंडावर फेकू नका. "कधीपासनं, दिवसाला किती, न खाल्लं तर काय होतं" हे तीन प्रश्न विचारा. सवय जडली असेल तर निर्धार पुरत नाही, मदत लागते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. १८ खालच्या मुलाला तंबाखू किंवा दारू देणं हा बाल न्याय कायद्यानं गंभीर गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत कैदेचा. गल्लीतल्या पानपट्टीवाल्याला हे शांतपणे, चार पालकांनी मिळून जाऊन सांगा. आणि घरातला मोठा माणूस मावा आणायला पोरालाच पाठवत असेल, तर सुरुवात तिथून करा.

फोनवरचा सर्वांत मोठा धोका फोटोचा. मुलानं किंवा मुलीनं खासगी फोटो पाठवला आणि आता कुणी धमकावतंय, असं झालं तर पहिलं वाक्य एकच: "बरं झालं सांगितलंस." पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. हे घडण्याआधीच मुलांना सांगून ठेवा, की असं काही झालं तर घर तुमच्या बाजूनं आहे.

प्रेमप्रकरण कळलं तर शाळा बंद करणं आणि घाईनं स्थळं बघणं, या दोन्ही गोष्टी करू नका. मुलीचं लग्न १८ च्या आधी करणं गुन्हा आहे. १८ खाली शरीरसंबंधाला दिलेली संमती कायदा मानत नाही, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, हे मुलगा आणि मुलगी दोघांनाही मोकळेपणानं सांगा.

पायरी ७: झोप

किशोरवयात झोप येण्याची वेळ शरीरातच तासा-दोन तासांनी पुढं सरकते, त्यामुळं दहाला झोप न येणं हा हट्ट नसतो. गरज मात्र ८ ते १० तासांची असते. सकाळी सहाचा क्लास आणि रात्री बारापर्यंत फोन, यात मन आधी बिघडतं, मार्क नंतर. रात्री सगळ्यांचे फोन, आईवडिलांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. जमलं तर पहाटेचा क्लास बदला.

पायरी ८: जीव देण्याचा विचार मनात असेल तर

"मी नसतो तर बरं झालं असतं", "थोडेच दिवस राहिलेत माझे" असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखं वागणं, खूप दिवसांच्या अस्वस्थतेनंतर अचानक शांत होणं. यातलं काही दिसलं तर सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारल्यानं मूल मोकळं होतं. "हो" म्हणालं तर रडू नका, देवाच्या शपथा घालू नका, "आमचा विचार केलास का" असं म्हणू नका. एवढंच म्हणा: "सांगितलंस ते बरं केलंस. आता मी तुझ्यासोबत आहे, आपण मिळून मदत घेऊया."

मग लगेच तीन कामं. त्याला एकटं सोडू नका, रात्रीही नाही. घरातली औषधं, आणि शेती असेल तर तणनाशकं-कीटकनाशकं कुलपात किंवा घराबाहेर हलवा. असा तीव्र क्षण पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, आणि त्या वेळेत हाताशी काही नसणं जीव वाचवतं. तिसरं, त्याच दिवशी डॉक्टर. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मुलानं काही घेतलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. डबा किंवा पाकीट सोबत घेऊन १०८ च्या रुग्णवाहिकेनं जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं मानलं जातं आणि त्याला शिक्षेपेक्षा उपचार मिळावेत हीच कायद्याची दिशा आहे.

दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस आधीच आखून ठेवा. त्या दिवशी घरात कुणीतरी थांबा, निकाल मुलाच्या शेजारी बसून बघा, आणि नातेवाइकांचे फोन संध्याकाळपर्यंत तुम्हीच उचला.

पायरी ९: डॉक्टरांकडं

सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तिथं मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा मिळते. शासनाच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयासाठी "मैत्री" नावानं सल्ला केंद्रं चालतात. तालुक्याला राहात असाल तर ग्रामीण रुग्णालयात त्याची चौकशी करा. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून संकोच वाटत असेल, तर सुरुवात तुमच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. ते चिठ्ठी देतील.

मुलाला फसवून नेऊ नका. "तुझी झोप आणि चिडचिड याबद्दल डॉक्टरांशी बोलूया, मी सोबत आहे" एवढं खरं सांगा. पहिल्या भेटीत वही सोबत घ्या, तुमचं सांगून झाल्यावर स्वतःहून बाहेर या आणि मुलाला डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या. आत काय बोललास ते रस्त्यात विचारू नका. गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वाढली किंवा मरणाचे विचार आले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. शाळेत वर्गशिक्षकांना किती सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा, आणि निघताना पुढच्या भेटीची तारीख घेऊनच निघा.